लालबहादूर शास्त्री मार्गावरचे परराष्ट्र धोरण

परराष्ट्र धोरणावरचे मराठी लेखन बहुधा दिल्लीच्या साउथ ब्लॉकपासून निघते आणि वॉशिंग्टन, मॉस्को, बीजिंग, इस्लामाबाद अशी फेरी करून पुन्हा तेथेच येऊन थांबते. त्यात शिखर परिषदा असतात, करारांची कलमे असतात, नेत्यांच्या स्वभावांची चर्चा तर जरा जास्तच असते. मात्र या धोरणाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, कोणत्या कारखान्याचा कच्चा माल अडला, कोणत्या वस्तीतल्या शिधापत्रिकेवर कोणते धान्य आले, याचा माग क्वचितच काढला जातो. राज्यसंस्था आपल्या सीमेबाहेरील सत्ता, बाजार आणि संस्था यांच्याशी ज्या दिशेने वागायचे ठरवते ती दिशा म्हणजे परराष्ट्र धोरण, अशी साधी व्याख्या स्वीकारली तर त्याची तीन अंगे दिसतात : देशाचे संरक्षण करणारी सुरक्षा, शस्त्राऐवजी वाटाघाटींनी हित साधणारा राजनय, आणि चलन, व्यापार, कर्ज व ऊर्जा यांचा हिशेब ठेवणारे अर्थकारण. पाठ्यपुस्तके या तीन अंगांना तीन वेगळी प्रकरणे देतात. व्यवहारात ती अशी वेगळी राहत नाहीत, आणि एका अंगात घेतलेल्या निर्णयाची किंमत दुसऱ्या अंगात, पुष्कळदा बऱ्याच वर्षांनी आणि बऱ्याच दूरच्या ठिकाणी, चुकवावी लागते, हे या विवेचनाचे सूत्र आहे.

हे सूत्र नवे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, तेव्हा हिंदू संहिता विधेयकाची कोंडी हे त्याचे एक कारण होते हे सर्वांना ठाऊक असते. परराष्ट्र धोरणाविषयीचे असमाधान हेही एक कारण होते, याचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. वार्षिक सुमारे ३५० कोटी रुपयांच्या महसुलापैकी सुमारे १८० कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात आणि मित्र न जोडणाऱ्या धोरणाचा हा परिणाम आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मान्य करायचा की नाही हा वेगळा प्रश्न. पण मूळचा अर्थशास्त्रज्ञ असलेला हा मंत्री परराष्ट्र धोरणाकडे जमाखर्चाच्या वहीतून पाहत होता, आणि ती दृष्टी मराठी चर्चेत पुढे फारशी रुजली नाही.

अशा दृष्टीसाठी मुंबईतील भांडुपसारखे उपनगर सोयीचे ठरते. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या, पूर्वेला ठाण्याची खाडी व मिठागरे, आणि या दोहोंच्या मध्ये मध्य रेल्वेचे रूळ व जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, अशी या गावाची लांबट मांडणी आहे. कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांनी टेकड्यांच्या उतारावर चाळी वसवल्या आणि खालच्या सपाटीवर कारखाने उभे राहिले. येथे कोणताही आंतरराष्ट्रीय करार झालेला नाही, कोणाचाही दूतावास नाही. तरीही बाहेरच्या जगाने या जमिनीवर वेळोवेळी जे उमटवले ते पाहू जाता गेल्या पावणेदोनशे वर्षांतील परराष्ट्र संबंधांचा बराच मोठा पट उलगडतो.

त्याची सुरुवात रेल्वेपासून होते. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क हे १८४३ मध्ये भांडुपला आले असता मुंबईला ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटांशी लोहमार्गाने जोडण्याची कल्पना त्यांना सुचली, अशी नोंद भारतीय रेल्वेच्या इतिहासात आढळते. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली प्रवासी गाडी याच भागातून गेली. या घटनेचे कौतुक करताना तिचा आर्थिक सांगाडा नजरेआड होतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनमध्ये भांडवल उभारणारी कंपनी होती, भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती, आणि कंपनीचा नफा कमी पडला तर तूट भारतीय महसुलातून भरून दिली जात असे. दादाभाई नौरोजींनी पुढे ज्याला संपत्तीचे निःसारण म्हटले, म्हणजे मोबदला न मिळता देशाबाहेर वाहून जाणारे धन, त्यात रेल्वेच्या या हमीचाही वाटा होता. लोहमार्ग घाट चढून वऱ्हाड-खानदेशाकडे जायचा होता तो प्रामुख्याने कापसासाठी. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांच्या कापसावर अवलंबून होत्या, आणि कच्च्या मालासाठी एकाच पुरवठादारावर विसंबणे धोक्याचे असते, हे त्या गिरणीमालकांना उमजले होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लिंकनच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखली, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बॅक बे भरावाच्या कंपनीपासून अनेक कंपन्यांच्या भागांचा सट्टा शिगेला पोहोचला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि शहरातील पेढ्या एकामागून एक बुडाल्या. हजारो मैलांवरील युद्धाने आधी श्रीमंत केलेले आणि मग त्याच युद्धाच्या समाप्तीने दिवाळखोर केलेले हे शहर, परक्या घडामोडींवर ज्याचे नियंत्रण नाही पण परिणाम मात्र पूर्ण भोगावा लागतो अशा अर्थव्यवस्थेचे ठळक उदाहरण आहे. स्वतंत्र परराष्ट्र धोरण नसणे म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारा प्रसंग मुंबईच्या इतिहासात विरळा.

स्वातंत्र्यानंतर या अवलंबित्वावर उपाय म्हणून आयात-पर्यायाचे धोरण आले. बाहेरून येणारी वस्तू देशातच बनवायची आणि तोवर तिच्या आयातीवर परवाने व जकातीचे कुंपण घालायचे, असा त्याचा अर्थ. भांडुपचा औद्योगिक पट्टा मुख्यतः याच कुंपणाच्या आत वाढला. एशियन पेंट्स ही कंपनी दुसऱ्या महायुद्धात रंगांची आयात बंद झाली असताना, १९४२ मध्ये, मुंबईत सुरू झाली आणि पुढे तिचा कारखाना शास्त्री मार्गावर आला. गेस्ट, कीन, विल्यम्स ही ब्रिटिश घराण्याची कंपनी येथे होती. सिएट हे नाव तर मूळचे इटलीच्या तुरीन शहरातले. तेथे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने टाटा समूहाच्या सहकार्याने १९५८ मध्ये भारतात टायर बनवणारी कंपनी काढली आणि भांडुपचा कारखाना हा तिचा पाया ठरला. कुंपण घालणारे सरकार परकीय भांडवलाला दार मात्र उघडे ठेवत होते, कारण तंत्रज्ञान हवे होते आणि ते विकत घेण्यासाठी लागणारे परकीय चलन, म्हणजे डॉलर-पौंडांसारखे जगभर स्वीकारले जाणारे चलन, तिजोरीत नव्हते. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, ज्याला व्यवहारात ‘फेरा’ म्हणतात, बहुतेक उद्योगांत परकीय भागीदारी ४० टक्क्यांवर रोखली. त्या अटीवरून कोका-कोला आणि आयबीएम देश सोडून गेल्या. सिएट १९८२ मध्ये गोएंका समूहाकडे आली.

टायरचा कारखाना परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासकाने अधिक बारकाईने पाहावा असा आहे. टायरला नैसर्गिक रबर लागते, जे केरळ आणि त्रिपुरातून येते व कमी पडले की थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनाममधून आणावे लागते. कृत्रिम रबर आणि काजळीची भुकटी, म्हणजे कार्बन ब्लॅक, या दोन्हींचे मूळ खनिज तेलात आहे. म्हणजे एकच टायर आग्नेय आशियाच्या व्यापार करारांना आणि पश्चिम आशियाच्या तेलाला एकाच वेळी बांधलेला असतो. भारताने आसियान या आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेशी २००९ मध्ये वस्तू व्यापाराचा करार केला, तेव्हा केरळच्या मळेवाल्यांच्या विरोधामुळे नैसर्गिक रबर सवलतीच्या यादीबाहेर ठेवले गेले. मळेवाला वाचला, पण तयार टायर काही करारांखाली कमी जकातीत आणि कच्चे रबर जास्त जकातीत येऊ लागले, ही उलटी जकात टायर उद्योगाची कायमची तक्रार होऊन बसली. पुढे चीनमधून ट्रक-बसचे रेडियल टायर सामान्य किमतीपेक्षा कमी भावात ओतले जात आहेत, असे ठरवून २०१७ मध्ये त्यांच्यावर डंपिंगविरोधी शुल्क लावण्यात आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकला भारताने प्रादेशिक सर्वसमावेशक आर्थिक भागीदारीच्या, म्हणजे ‘आरसेप’च्या, वाटाघाटींतून माघार घेतली, त्यामागे अशा स्वस्त आयातीचा धडाही होता. ‘राष्ट्रहित’ हा शब्द भाषणांत एकवचनी असतो. कोट्टायमचा मळेवाला, भांडुपचा टायर कामगार आणि माल वाहणारा ट्रकमालक यांना समोरासमोर बसवले तर तो एकवचनी राहत नाही. वाटाघाट करणाऱ्या अधिकाऱ्याला परदेशी प्रतिनिधीसमोर बसण्यापूर्वी देशातच एक अवघड वाटाघाट पार पाडावी लागते, आणि तिची नोंद कोणत्याही संयुक्त निवेदनात येत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भांडुप-मुलुंड पट्ट्यातील अनेक कारखाने बंद झाले वा आक्रसले आणि त्यांच्या जागी निवासी टॉवर व मॉल आले, याचे सारे खापर जागतिकीकरणावर फोडणे सोपे असले तरी बरोबर नाही. मुंबईतील जमिनीचे भाव, प्रदूषणाचे निर्बंध, जुनी यंत्रे आणि बाहेरच्या राज्यांनी देऊ केलेल्या सवलती यांचाही त्यात हात होता. परराष्ट्र आर्थिक धोरणाने कुंपण काढले. कोणत्या कारखान्याने तग धरला आणि कोणत्याने जमीन विकली, हे मुख्यतः स्थानिक कारणांनी ठरले.

आग्रा रोडला ज्यांचे नाव मिळाले त्या शास्त्रीजींच्या दीड वर्षाच्या कारकिर्दीत तर सुरक्षा, राजनय आणि अर्थकारण यांची गाठ उघडच दिसते. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत व पाकिस्तान दोघांचीही लष्करी मदत थांबवली. त्याच काळात भारत गव्हासाठी अमेरिकेच्या १९५४ च्या सार्वजनिक कायदा ४८० वर, बोलीभाषेतल्या ‘पीएल-४८०’ वर, अवलंबून होता; या योजनेत धान्याची किंमत डॉलरऐवजी रुपयांत चुकवता येई आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यात भारतातच साठत. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी धान्याची मंजुरी दीर्घ मुदतीऐवजी थोडी थोडी देण्याचे धोरण धरले, जेणेकरून भारताचे शेती धोरण आणि व्हिएतनाम युद्धावरील त्याची भाष्ये दोन्ही आटोक्यात राहावीत. ताश्कंदचा करार १० जानेवारी १९६६ ला झाला, दुसऱ्याच दिवशी पहाटे शास्त्रीजींचे निधन झाले, आणि ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. अवमूल्यन म्हणजे सरकारने आपल्या चलनाची परकीय चलनातील किंमत अधिकृतपणे कमी करणे. ते जागतिक बँक आणि मदतदार देशांच्या आग्रहाने झाले आणि त्याच्या बदल्यात अपेक्षिलेली मदत पूर्णपणे आली नाही. युद्ध रणभूमीवर निभावले गेले, पण त्याची व दुष्काळाची एकत्रित किंमत नऊ महिन्यांच्या आत चलनाच्या दरात वसूल झाली.

या काळाचा धागा एका मराठी नेत्याच्या कारकिर्दीतून सलग ओढता येतो. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनविरुद्धच्या पराभवानंतर संरक्षणमंत्री झाले, १९७० ते १९७४ या काळात अर्थमंत्री होते आणि १९७४ ते १९७७ परराष्ट्रमंत्री. तिन्ही अंगे एकाच व्यक्तीच्या हाताखालून गेल्याची अशी उदाहरणे थोडी. ते अर्थमंत्री असताना फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेने पीएल-४८० च्या साठलेल्या रकमेपैकी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारताच्या हवाली केला आणि धान्यमदतीचे ते प्रकरण कागदोपत्री मिटले; महाराष्ट्रात मात्र १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी आठवणारी पिढी अजूनही आहे. ते परराष्ट्रमंत्री असताना १९७६ मध्ये चीनशी राजदूत स्तरावरचे संबंध पुन्हा सुरू झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, या वाक्यापुरती चव्हाणांची आठवण मर्यादित ठेवण्याची मराठी सवय त्यांच्या उत्तरार्धावर अन्याय करणारी आहे.

चव्हाणांच्या अर्थमंत्रिपदाच्या अखेरीसच ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून जवळपास बारा डॉलरवर गेला. भांडुपपासून फार दूर नसलेल्या माहुल-तुर्भे परिसरातील तेलशुद्धीकरण कारखान्यांनी ऊर्जेचे राजकारण त्याच्या आधीच पाहिले होते. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेव्हा बर्मा-शेलसह पाश्चात्त्य कंपन्यांनी ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास नकार दिला. सरकारी इंडियन ऑइल कंपनीसाठी सोव्हिएत डिझेल घेऊन आलेले जहाज त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या पीर पाव धक्क्याला लागले. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या नौकेने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले, आणि पुढील दोन-तीन वर्षांत एस्सो, बर्मा-शेल व कॅल्टेक्स सरकारने ताब्यात घेतल्या. अलीकडच्या वादाशी याचे साम्य डोळ्यात भरते. युक्रेन युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा नगण्य होता, पाश्चात्त्य निर्बंधांनंतर सवलतीच्या भावामुळे तो एक तृतीयांशाच्या वर गेला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच खरेदीचे कारण देत भारतीय मालावर आणखी २५ टक्के शुल्क लावून एकूण भार ५० टक्क्यांवर नेला. १९६० मध्ये नकार देणाऱ्या खासगी कंपन्या होत्या. २०२५ मध्ये दंड करणारे स्वतः सरकार होते. स्वस्त तेलाची राजकीय किंमत असते, एवढे मात्र बदललेले नाही. धोरणात्मक स्वायत्तता, म्हणजे कोणत्याही गटाच्या दडपणाशिवाय निर्णय घेण्याची क्षमता, ही घोषणा नसून खर्चाची बाब आहे, आणि तो खर्च शेवटी सुरत-मुंबईच्या हिरे व कापड निर्यातदारांवर पडला.

१९९१ च्या परकीय चलन संकटाची कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे, म्हणून येथे थोडक्यात. इराकने ऑगस्ट १९९० मध्ये कुवेत गिळले, तेल महागले, आखातातील भारतीयांकडून येणारा पैसा आटला. एअर इंडियाने अम्मानहून मुंबईला सुमारे १ लाख ७० हजार माणसे आणली, ज्यांत कोकणातील पुष्कळ घरांचे कमावते हात होते. परकीय चलनाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला आणि जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी तारण म्हणून गेले.

समुद्राकडून येणारा धोका मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ ला अनुभवला. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून शहर गाठले आणि १६६ जणांचे प्राण घेतले. त्यानंतर किनारी सुरक्षेची फेररचना झाली. पण येथे अधिक बोधप्रद आहे तो बिगरलष्करी मार्ग. दहशतवादाला मिळणाऱ्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या वित्तीय कृती दल या आंतरराष्ट्रीय संस्थेने जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पाकिस्तानला करड्या यादीत ठेवले, आणि कटातील आरोपी तहव्वूर राणा याचे अमेरिकेकडून प्रत्यार्पण, म्हणजे खटल्यासाठी हस्तांतर, एप्रिल २०२५ मध्ये झाले. सोळा वर्षांहून अधिक काळ लागलेल्या या कामात बँकांचे नियम आणि न्यायालयीन कागदपत्रे हीच शस्त्रे होती. समुद्राचे दुसरे प्रकरण मार्च २०२४ चे : नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने अपहृत ‘रुएन’ जहाजावरील १७ खलाशांची सुटका करून ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणले आणि यलो गेट पोलिसांच्या हवाली केले. २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा नसता तर त्यांच्यावर भक्कम खटला चालवणे कठीण गेले असते. त्याच हंगामात तांबड्या समुद्रातील हुथी हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, आणि न्हावा-शेवा बंदरातून युरोपला निघालेल्या नाशिकच्या द्राक्षांच्या प्रवासात १० ते १४ दिवसांची भर पडली.

हे सगळे निर्णय राज्यांच्या अखत्यारीबाहेरचे आहेत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत परराष्ट्र व्यवहार दहाव्या आणि परराष्ट्रांशी करार चौदाव्या नोंदीखाली येतात, आणि अनुच्छेद २५३ अन्वये आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते. परराष्ट्र मंत्रालयात राज्यांशी समन्वयासाठी स्वतंत्र विभाग २०१४ मध्ये निघाला, तो प्रामुख्याने गुंतवणूक व व्यापाराच्या भेटीगाठींपुरता. जमीन मात्र राज्यातच असते, आणि भांडुपच्या पूर्वेकडील खाडी हे त्याचे ताजे उदाहरण आहे. इराणमधील रामसर येथे १९७१ मध्ये झालेल्या पाणथळ जागांविषयीच्या कराराखाली ठाणे खाडीचे सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्र २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून नोंदले गेले. भांडुप उदंचन केंद्राजवळ दरवर्षी रोहित पक्षी पाहायला जमणारी मंडळी त्याच्याच काठावर उभी असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची केंद्राच्या मालकीची जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी घेण्याला मान्यता दिली. रामसर कराराची पाणथळ जागेची व्याख्या मानवनिर्मित मिठागरांनाही सामावून घेते. भारताच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनी मात्र मीठ पिकवण्यासाठी बांधलेल्या जागा त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. एकाच देशाने आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर स्वीकारलेली एक व्याख्या आणि घरात लागू केलेली दुसरी व्याख्या यांच्यामधल्या पट्टीत सध्या भांडुपची मिठागरे आहेत.